दोघांचा भोजराज

गुणाकर मास्तरांच्या डोक्यात अर्धी जागा फुटबॉलची, उरलेली रागाची. बालाघाटच्या एका शाळेत ते पीटी शिकवत. अनवाणी पोरं पळवून पळवून त्यांनी टीम उभी केली होती, आणि त्या टीमचा जीव म्हणजे परसवाड्याचा भोजराज. चौऱ्याऐंशी साली जंगलातल्या एका खाणीच्या वसाहतीत चिंतामणरावांनी फुटबॉलचं केंद्र काढलं. बूट फुकट, अंडी फुकट. भोजराज तिकडं राहायला गेला, नाव तेवढं शाळेत उरलं. मास्तरांच्या अंगाची नुसती लाही झाली!

खाणीत सुरुंग उडवायच्या आधी भोंगा व्हायचा. तो झाला की केंद्रातली पोरं असतील तिथं, डोक्यावर हात घेऊन खाली बसायची. चेंडू गोलात शिरत असला तरी बसायचं. दुसऱ्या भोंग्याला उठायचं.

जिल्ह्याच्या फायनलला मास्तरांनी भांडूनतंडून भोजराजला आणला. बरोबरी सुटेना. शेवटी तो एकटाच चेंडू घेऊन सुटला, समोर फक्त गोलकीपर. सगळं मैदान ओरडत होतं. आणि पोरगा थांबला, डोक्यावर हात घेतले, खाली बसला.

"ऊठ ना बे!" मास्तर किंचाळले. तो हलला नाही. समोरच्यांनी चेंडू नेला आणि गोल केला. हरले!

"काहून बसला रे?"

"भोंगा झाला ना, सर."

बालाघाटात कुठला आला भोंगा? खाण कोसो दूर. मास्तरांना खात्रीच पटली, पोराला पढवून पाठवलंय. दुसऱ्या दिवशी पहिली मोटार धरून ते तडक केंद्रावर गेले आणि चिंतामणरावांना नाही नाही ते बोलले.

चिंतामणराव चिडले नाहीत. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, "मास्तर, काल त्याच वेळी इथं भोंगा झाला. पोरं बसली. भोजराजबी बसला होता त्यायच्यात, आपल्या जागेवर. मी म्हटलं, आला शेवटी माझा गडी! दुसऱ्या भोंग्याले सारे उठले. तो नव्हता."

बाहेर लख्ख ऊन होतं, तरी मास्तरांना हुडहुडी भरली. पोरगा फायनलनंतर घरी गेला होता. दोघं एकाच मोटारीनं परसवाड्याला निघाले.

ओसरीवर भोजराज बसलेला. समोरची भाजी-भाकर तशीच. त्याची आई शेवंताबाई दारात आली.

"दोघंबी आले, बरं झालं," ती म्हणाली. "हाक मारली तं पाह्यते, पण ध्यान इथं नसते. असा अर्धामुर्धा नोको मले. माझा पोरगा पुरा द्या."

मास्तरांना रडू यायचं बाकी होतं. चिंतामणरावांना म्हणावं पोराला सोडा, दोघांनीही सोडावं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. तेवढ्यात चिंतामणराव हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्यात भोपाळची निवड हाय, बाई. तेवढी होऊन जाऊ द्या."

अरे, काय माणूस आहे! मास्तर ताडकन वळले, तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "त्याच्या आधी पंधरा ऑगस्टची मॅच हाय आमची."

आपलेच शब्द ऐकून ते गारठले.

भोजराज उठला. "येतो सर," तो मास्तरांकडे पाहून म्हणाला. त्याच क्षणी चिंतामणरावांच्या पाठीमागून, रिकाम्या अंगणातून, त्याच आवाजात कोणी तरी म्हणालं, "येतो सर."

शेवंताबाईनं पोराला आत ओढलं. मग ती अंगणाकडे पाहत दार उघडंच धरून उभी राहिली, दुसरा आत येईपर्यंत.