वरचे स्टार, खालचे युनिट

नवऱ्याचं वर्षश्राद्ध झालं आणि आठवड्याभरात आमचा जुना फ्रिज बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर गेलाय, नवाच घ्या. मुलाला फोन केला तर म्हणाला, "आई, तू काही करू नकोस. मी रविवारी येतो." तो ठाण्याला राहतो, मी डोंबिवलीत एकटी.

मानपाडा रोडवरच्या दुकानात शिरलो तसा सेल्समन थेट मुलाकडे वळला. "या साहेब." दोघं कपाटाएवढ्या, दोन दारांच्या फ्रिजपाशी जाऊन उभे राहिले. दारातूनच पाणी येतं, मोबाइलला जोडता येतो, असं बरंच काही चाललं होतं. मला कुणी काही विचारतच नव्हतं, म्हणून उभ्या उभ्या मी दारावरचं स्टारचं लेबल वाचलं. आजवर आम्ही वरचे स्टार तेवढे मोजत आलो. खाली वर्षाला किती युनिट वीज लागेल तेही छापलेलं असतं. मग शेजारच्या रांगेतल्या एका दाराच्या फ्रिजचंही लेबल वाचलं.

"अहो, ह्या मोठ्याला चार स्टार आणि त्या छोट्याला तीन," मी मध्येच विचारलं. "पण युनिट छोट्याचे कमी लिहिलेत. असं कसं?"

"काकू, जास्त स्टार म्हणजे जास्त बचत," तो मुलाकडे बघत म्हणाला.

"मी ते नाही विचारलं."

"आई, जाऊ दे ना," मुलगा पुटपुटला.

"का जाऊ दे? वापरणार मी, बिल भरणार मी."

सेल्समनने वाकून दोन्ही लेबलं वाचली. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "काकू, स्टार त्या त्या मापाच्या फ्रिजमध्ये तुलना करून देतात. मोठा हा मोठ्यांमध्ये चांगला. पण एकूण वीज तोच जास्त खाणार."

"मग हे आधी सांगायचंत! ह्या छोट्याच्याच मापात जास्त स्टारचा दाखवा."

मुलगा हळूच म्हणाला, "आई, आम्ही येतो तेव्हा मोठा नको का?"

"महिन्यातून एक दुपार येता तुम्ही. बाकीचे दिवस रिकामा फ्रिज गार करत बसू?"

शब्द जरा जोरात गेले. त्याचा चेहरा पडला, आणि मला वाईटही वाटलं. पण वर्षभर जो तो माझ्यासाठी ठरवत होता. ह्यांचे कपडे देऊन टाका, घर विका, ठाण्याला चला. घर तेवढं मी विकलं नव्हतं, ठाण्यालाही गेले नव्हते. बाकी सगळ्याला मान डोलावत आले होते. त्या दुकानात ती डोलेना.

गोडाऊनमधून पाच स्टारचा छोटा फ्रिज आला. लेबल कुठल्या काळापुरतं आहे तेही त्यावर असतं. ते चालू आहे ना, हे चष्मा लावून पाहिलं आणि मगच "हाच द्या" म्हटलं. रिक्षात मुलगा घरापर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

पुढच्या खेपेला सगळे जेवायला आले. कोल्ड्रिंकची मोठी बाटली काही फ्रिजमध्ये मावेना. सूनबाई म्हणाली, "आई, मोठा घेतला असता तर..."

"बादलीत पाणी घाल, त्यात ठेव," मी म्हटलं आणि पोळ्या लाटायला बसले.