पहिल्या धारेचा वास

सुचेताचं नाक गेलं ते एका सोमवारी. चार दिवसांच्या तापातून उठून तिनं चहात आलं किसलं आणि तिला वासच आला नाही. किसणी नाकाशी धरली, बोटं धरली. काही नाही. चहा नुसता गरम आणि गोड लागला.

दुसऱ्या कुणाचं असतं तर चालून गेलं असतं. सुचेताची नोकरीच नाकावर होती. बी.एस्सी. झाल्यावर तिनं अगरबत्तीच्या कारखान्यात अकरा वर्षं काढली. चंदनाच्या भुकटीत भेसळ असली तर पोतं सोडताक्षणी ती सांगायची. पुढे ओळखीतल्या अभिनवनं हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात चिकूपासून मद्य बनवायची छोटी डिस्टिलरी काढली, तेव्हा त्यानं तिलाच बोलावून घेतलं. आई मात्र शेजारणींना अजूनही ‘केमिकल कंपनीत आहे’ एवढंच सांगते.

आंबवलेला चिकूचा रस भट्टीत तापू लागला की सुचेता नळीच्या तोंडाशी उभी राहायची. आधी येते ती पहिली धार. ती उग्र असते, पोटाला वाईट, ती वेगळी काढून फेकायची. मग चांगला माल. एक कुठे संपते आणि दुसरा कुठे सुरू होतो, ते थर्मामीटर अंदाजाने सांगतं. खरं सांगतं ते नाक.

होईल दोन दिवसांत, असं म्हणता म्हणता दहा दिवस गेले. तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. गुरुवारी भट्टी लागली तेव्हा ती नेहमीसारखी नळीपाशी उभी राहिली, नेहमीसारखा खोल श्वास घेतला आणि थर्मामीटरकडे बघून पिंपाशी उभ्या अभिनवला म्हणाली, “हं, आता बदला पिंप.” त्या रात्री तिला धड झोप लागली नाही. आपण लवकर बोललो का? पाच मिनिटं? की दहा?

शनिवारी टूर होती. दर शनिवारी गावातली हौशी माणसं भट्टी बघायला आणि चव घ्यायला येत, आणि त्यांना फिरवायचं काम सुचेताचंच. त्या दिवशी नऊ जण आले. ती पाठ केल्यासारखी बोलत गेली. “लोक कौतुकानं म्हणतात ना, पहिल्या धारेची? आम्ही ती ओतून देतो.” सगळे हसले. तिला घाम फुटला होता.

टेबलावर प्रत्येकापुढे ग्लास मांडलेले होते. शेवटचा ग्लास गुरुवारच्या मालाचा. ताजा, पाणी घालून सौम्य केलेला. अभिनवनंच तो ठेवायला सांगितला होता, आणि नको म्हणायला तिच्यापाशी कारण नव्हतं.

“याला फुलांचा वास आहे, मागून थोडा गुळाचा,” ती म्हणाली. दर वेळी तेच म्हणायची.

रुचिता नावाची एक मुलगी सासऱ्यांना घेऊन आली होती. आत्माराम त्यांचं नाव. जन्मभर फर्निचर पॉलिशचं काम केलेले, दारूला कधी न शिवलेले. सुनेनं आग्रह केला म्हणून त्यांनी ग्लास नुसता नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

“बाई, याला थिनरचा वास येतोय.”

“बाबा, काहीही काय!” रुचिता हसली. तिनं एक घोट घेतलाही होता.

हसून पुढे जाता आलं असतं. म्हातारा दारू न पिणारा, त्याला काय कळतंय, असं सगळ्यांना वाटलंच होतं. समोर अभिनव उभा होता. एका घोटानं कुणाला काही होत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण दुसरा घोट? आणि मागच्या पिंपात भरलेलं ते सगळं?

“थांबा,” ती म्हणाली. आवाज चिरकला. “हा ग्लास कुणी घेऊ नका. प्लीज, खाली ठेवा.”

तिनं स्वतः एकेक ग्लास गोळा केला. मग अभिनवला गोदामाच्या दाराशी नेऊन म्हणाली, “मला वास येत नाहीये. बारा दिवस झाले.”

त्यानं गोदामाचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, “माल परत गाळता येईल, सुचेता. पण तू गुरुवारी तिथे उभी राहून मला ‘हं’ म्हणालीस.”



रुचिताचा नंबर घेऊन तिनं संध्याकाळी फोन केला. पुन्हा रविवारी सकाळी. “थोडं डोकं दुखलं, उन्हानं असेल. तुम्ही कशाला एवढं टेन्शन घेताय?” रुचिता म्हणाली. सुचेतानं दुपारी तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा तो आत्मारामांनी उचलला. “ती बरी आहे हो. जेवली, झोपली. तुम्ही जेवलात का?” सुचेता जेवली नव्हती.

आठवड्यानं प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला. पहिली धार मालात मिसळली होती. पिंपं रिकामी करून सगळं पुन्हा भट्टीत गेलं. अभिनवनं तिला काढलं नाही, पण नळीपाशी आता नीलम उभी राहते. ती नवीन आहे, पंचवीसची, घाबरट. डॉक्टर सुचेताला म्हणालेत, वास येईल, सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. कदाचित पूर्ण नाहीच येणार.

परवा भट्टी लागली तेव्हा सुचेता नीलमच्या मागे उभी होती. धार सुरू झाली. थर्मामीटरचा आकडा जागेवर आला.

“बदलू, ताई?” नीलमनं विचारलं.

“तुला काय वास येतोय?”

“थोडं... थिनरसारखं. अजून आहे.”

“मग थांब,” सुचेता म्हणाली. तिनं साडीचा पदर मुठीत घट्ट धरला होता. “घाई नको. कितीही वेळ लागू दे.”