बशीखाली मावणारी काडतुसं

बाल्झ झॉप्फी काडतुसं घेऊन घरी आला की त्याची बायको मार्ग्रिट आधी कपाटातल्या बशा मोजते. एक हमखास कमी भरते. तोवर निळ्या काठाची ती बशी बाल्झच्या कोटाच्या खिशात असते आणि बाल्झ गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर.

ग्लारुसच्या दरीतल्या आमच्या नेमबाजी मंडळाची काडतुसं बाल्झ सांभाळतो, गुणांची वही मी सांभाळते. लष्कराने काढून टाकलेला जुना साठा कुठे विकायला निघाला, की हा एकोणऐंशी वर्षांचा माणूस पहाटेच्या गाडीने तिथे हजर. तपासल्याशिवाय एकही काडतूस तो कुणाच्या हातात देत नाही. तीनशे मीटरवरून दहा गोळ्या झाडायच्या, मग कागदावर बशी पालथी घालायची. दहाही भोकं बशीखाली झाकली गेली तर साठा चांगला. एक जरी बाहेर डोकावलं तर ती पेटी सरावाला.

हे वेड त्याला एकतीस वर्षांपूर्वी लागलं. त्या सप्टेंबरात जुन्या रायफलींच्या स्पर्धेत त्याचा जिवलग मित्र हायरी ऱ्हीनर शेवटच्या गोळीला अडला. चाप ओढला, पण बार झालाच नाही. हायरीने हात वर केला. बाल्झ धावत गेला, काडतूस काढलं, उलटंपालटं करून पाहिलं, खिशात टाकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी दिलेलं काडतूस खराब निघालं." आमच्या स्पर्धेत काडतूस आपलं आपण आणायचं आणि न फुटल्यास शून्य, असा नियम आहे. मी शून्य लिहिलं आणि शेजारी 'काडतूस खराब' असं टिपलं. हायरीचा कप गेला.

ठरलेले गुण गाठणाऱ्या प्रत्येकाला मिळणारा हा कप कथिलाचा, दिसायला सामान्यच. पण स्पर्धेनंतर खानावळीत कपवाले आपापल्या कपातून वाईन पितात आणि बाकीचे काचेच्या पेल्यातून. मंडळातल्या पोरांना रायफल धरायला शिकवणारा हायरी त्यानंतर एकतीस वर्षं काचेच्या पेल्यातून प्यायला. कधी दोन गुण कमी, कधी वारा आडवा. त्याने शिकवलेली पोरं त्याच्यासमोर कप उंचावायची तेव्हा बाल्झ खाली बघून चीज कुरतडायचा. मला बाल्झची फार दया यायची.

यंदा वर्षाच्या सुरुवातीलाच कळलं की नाताळाआधी हायरी मुलीकडे बाझेलला राहायला जाणार, कायमचा. म्हणजे सप्टेंबरातली स्पर्धा त्याची शेवटची. बाल्झ पेटूनच उठला. वरच्या गावातलं मंडळ बंद पडलं होतं आणि त्यांच्या तळघरात लष्करी पेट्या पडून होत्या. मला गाडी चालवायला घेऊन तो तिथे गेला. एकेक खोका उघडून गोळीच्या मुळाशी असलेलं मेणाचं कडं तडकलंय का बघ, पुंगळीवर डाग आहे का बघ, काडतूस कानाशी धरून हलव, असं दोन तास चाललं. तळघराची किल्ली घेऊन उभा असलेला माणूस कंटाळला.

"आजोबा, घोडा घेताय का? दात बघायचे राहिले की!"

"घोडा अडला तर उतरून चालता येतं, बाळ," बाल्झ म्हणाला. "हे अडलं तर काय करणार?"

तीन सालांच्या तीन पेट्या आल्या. दोन बशीबाहेर गेल्या. तिसरीच्या पहिल्या दहा गोळ्या बशीच काय, मार्ग्रिटच्या साखरेच्या वाटीखाली झाकल्या असत्या. कुणीही शहाणा इथे थांबला असता. पण बाल्झला वाटलं, आज थंडी होती, उन्हात काय होईल? उन्हात जमलं, तर वाऱ्यात? मग दमट हवेत, मग हायरीच्या स्वतःच्या रायफलीतून. वसंत गेला, उन्हाळा गेला. ऑगस्टअखेर त्याने पेटीत हात घातला तेव्हा तळाशी बारा काडतुसं उरली होती.

मार्ग्रिटने कपाळावर हात मारला. "साखर गोड आहे का बघायला अख्खं पोतं खाल्लंस तू!"

"बाराच तर लागतात," बाल्झ म्हणाला. दोन अंदाजाच्या, दहा गुणांच्या. पण त्याचा चेहरा उतरला होता.

स्पर्धेच्या दिवशी ती बारा काडतुसं त्याने रुमालात बांधून आणली. हायरी चटईवर आडवा झाला. एक्क्याऐंशी वर्षांची हाडं, आडवं व्हायलाच वेळ लागला. मागे बाल्झ उभा, बाजूला टेबलाशी मी. नेम धरलेल्या माणसाशी बोलायचं नाही, बोललं तर ती गोळी बाद. नऊ गोळ्यांत सत्त्याहत्तर झाले. कपाला पंच्याऐंशी लागतात.

हायरीचा चष्मा धुरकटला. त्याने रायफलीच्या मागची कडी आडवी फिरवली, म्हणजे चाप बंद, आणि चष्मा पुसला. जुनी शिस्त, पोरांनाही त्यानेच शिकवलेली. मग चष्मा चढवला, नेम धरला, चाप दाबला. काहीच झालं नाही. त्याने परत दाबला. वेळ संपायला थोडेच सेकंद उरले होते.

"कडी, लेका! परत कडीच!" बाल्झ ओरडला.

हायरीची पाठ ताठ झाली. वळून न बघता त्याने कडी सरळ केली आणि गोळी झाडली. नऊ.

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या कानांवर बंदुकीच्या आवाजापासून बचावाची टोपणं होती, मला काही ऐकू आलं नाही. मी नऊ लिहिले, एकूण शहाऐंशी. आयुष्यात ही एकच लबाडी केली आणि तिचा मला अजून पश्चात्ताप होत नाही.

हायरी गुडघ्यांवर उठला. "परत म्हणालास तू."

"कुठे काय?"

"बाल्झ. तेव्हाही कडीच होती. हात वर केल्यावर लक्षात आलं, मी गुपचूप सरळ केली तू यायच्या आत. तुला कसं कळलं?"

बाल्झ बुटाने एक रिकामी पुंगळी सरकवत राहिला. "काडतुसाच्या बुडाला खूण नव्हती. रायफलीची सुई टेकलीच नव्हती."

"मग खराब का म्हणालास?"

"तू पोरांना शिकवायचास ना. मास्तर कडी विसरला म्हणून दरीभर हसले असते तुला."

हायरी बाल्झच्या बाहीला धरून उभा राहिला आणि उभा राहिल्यावरही त्याने बाही सोडली नाही.

खानावळीत त्याने नवा कप काठोकाठ भरला आणि बाल्झपुढे सरकवला. मग माझ्याकडे वळला. "एल्सी, ती जुनी वही काढ. 'काडतूस खराब' खोड. 'हायरी कडी विसरला' असं लिही. मोठ्या अक्षरात."

मी पेन उघडलं. बाल्झने वहीवर हात ठेवला.

"राहू दे गं. ते खोडलंस तर काडतुसं तपासायला मार्ग्रिट मला बशी नेऊ देणार नाही."