भेगेवरचा बिब्बा

मंगळवार, २८ ऑक्टोबर. वर्धा, चामडीचा दवाखाना. हजर: मी, माझे यजमान, डॉक्टरबाई, नर्स.

डॉक्टरबाईंनी माझे पाय दिव्याखाली घेतले. "एक्झिमा आहे. पण हे काळं काय लावलंत?"

एक्झिमा म्हणजे कातडीची सूज. खाज, बारीक फोड, मग भेगा. मी मात्र 'पाय कापावा लागेल' हेच ऐकायला बसले होते. माझ्या वडिलांना साखर होती. त्यांचा पाय एका भेगेपासून सुरू होऊन गुडघ्याखालून गेला.

पुलगावजवळ आमची भाजीची वाडी आहे. पावसाळाभर पायात रबरी गमबूट. आधी तळवे खाजले, मग टाचा फुटल्या. गावातल्या सगळ्याच गोष्टींची नोंद ठेवायची माझी सवय, म्हणून तारखा वहीत लिहिल्या, पण घरात बोलले नाही. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडच्या रीतीने बिब्बा सुईने टोचून दिव्यावर धरला आणि तेल भेगेत सोडलं. चौथ्या दिवशी घोट्यापर्यंत फोड. मला वाटलं, वडिलांचं दुखणं माझ्या पायात आलं.

यजमान म्हणाले, "गावभराच्या याद्या करतं तू, अन् सोताचा पाय लपवून राह्यली."

नर्स हसली.

कातडी खरवडून बुरशी पाहिली, रक्तात साखर पाहिली. रिपोर्टला दोन तास. बाकावर बसून मी पायाची बोटं पुन्हा पुन्हा हलवून पाहत होते.

बुरशी नाही. साखर नाही. पाय राहणार होता.

"मूळ कारण बहुतेक बुटाचं रबर, नाहीतर आतला घाम," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बिब्ब्यानं त्यावर भाजलं. फोड वाळले की पॅच टेस्ट करू." म्हणजे संशयाच्या वस्तू पाठीवर दोन दिवस चिकटवून पाहायच्या. तोवर मलम, सुती मोजे, गमबूट बंद. "आणि साखर असलेल्यांनी तर बिब्बा लावूच नये. जखम चिघळते."

मी हात जोडले आणि बाहेर येताच जाऊबाईंना फोन लावला.

माझ्या मोठ्या जाऊबाई गिरडला असतात. त्यांना जुनी साखर आहे, टाचाही फुटलेल्या. पाडव्याला त्या आमच्याकडे होत्या. जाताना म्हणाल्या, "मले लिहून दे वं, इसरतो मी." मी चार बिब्बे बांधून दिले आणि नंबर टाकून लिहून दिलं: टोचा, तापवा, भेगेत सोडा.

तुमच्या टाचेला भेग असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

जाऊबाईंचा फोन दुपारपासून बंद आहे. यजमान गाडीत पेट्रोल भरायला गेलेत. तो कागद परत आणायचा आहे.