वहिनीचा साचा आणि माझा ब्रश

आमच्या वहिनीचं आवडतं उत्तर एकच: "बघू." माझ्या भावाने लग्नाचं विचारलं तेव्हाही हेच म्हणाली होती म्हणे. माझं तर डोकंच फिरतं. मी बेकरीवाली, भट्टी तापल्यावर बघत बसायला वेळ कुणाला?

ती प्रयोगशाळेत साचे करते, डोळ्यांना न दिसणारे. अंड्यातलं प्रथिन घ्यायचं, त्याभोवती पॉलिमर जमवायचं आणि मग प्रथिन धुऊन काढायचं. मागे त्याच्याच आकाराची पोकळी उरते. पुन्हा तेच प्रथिन आलं की ती पोकळी त्याला बरोब्बर पकडते आणि साचे बसवलेली कागदी पट्टी निळी होते. कृत्रिम रिसेप्टर म्हणतात त्याला. आधी ती पॉलिमर तापवून जमवायची, तर प्रथिनच शिजून वेडंवाकडं व्हायचं आणि साचाही तसाच. सगळी मेहनत पाण्यात! मग तिने पॉलिमर जमवायला एन्झाइम वापरलं. ते बिचारं खोलीतल्या उबेतच काम करतं, प्रथिनाला धक्का न लावता.

एवढा खटाटोप माझ्या भाचीसाठी, तिच्याच लेकीसाठी. तिला अंड्याचा कणसुद्धा चालत नाही. एकदा घसा सुजून जिवावरच बेतलं होतं. आत्याची बेकरी, आणि पोर दारात उभी राहून नुसता वास घेते. काळीज तुटतं हो.

शेवटी मी हट्टाने बिनअंड्याचा केक करायला घेतला. भट्टीत टाकण्याआधी वहिनीने टिनमधलं मिश्रण पट्टीवर लावलं. पट्टी निळी!

"वहिनी, अहो, अंड्याला हात लावला नाही मी! तुमची पट्टीच खोटारडी."

"बघू." साचा नीट धुतला नसेल तर आत राहिलेलं प्रथिन झिरपतं आणि पट्टी उगाच निळी होते, हीच तिला धास्ती. तिने दुसऱ्या पट्टीवर नुसतं पाणी टाकलं. पांढरी. तिसरीवर पातेल्यातलं मिश्रण लावलं. तीही पांढरी.

"ताई, टिनला लोणी कशाने लावलंत?"

मी ब्रश पुढे केला आणि तेव्हा कुठे ओळखला. रोज पावावर अंडं फिरवते तोच ब्रश. धुतलेला, चांगला घासलेला, पण तोच! मी पिठाच्या पोत्यावर मटकन बसले आणि ढसाढसा रडले. "माझ्या हाताने पोरीला घालणार होते हो मी!"

"घातलं नाहीत ना?" वहिनीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "उठा. नवा ब्रश आणा."

ब्रश नवा, टिन नवा, ओटा घासून लख्ख. पट्टी पांढरी राहिली. तरी बाईंचं समाधान कुठे? भाजलेल्या केकचा तुकडा वरच्या क्रीमसकट मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवला. तिथूनही "अंडं नाही" असंच उत्तर आलं, तेव्हा कुठे भाचीला आत बोलावलं.

पोरीने केक हातात घेतला आणि सवयीने आईकडे पाहिलं. "आई, खाऊ?"

मी मनात म्हटलं, झालं, आता ही "बघू" म्हणणार.

"खा," वहिनी म्हणाली.

पोरीने एवढा मोठा घास घेतला की नाकाला क्रीम लागलं.