फ्रिज बंद केल्यावरची शांतता

रविवारी ऑफिसमधल्या समीरच्या घरी त्याचं इलेक्ट्रिक गिटारचं रेकॉर्डिंग पाहिलं. त्याने आधी ट्यूबलाइट आणि पंखा बंद केला. तरी स्पीकरमधून बारीक घरघर येतच होती. त्याने स्वयंपाकघराकडे हाक दिली, "आई, फ्रिज बंद करतोय गं!"

"कर, पण आठवणीने चालू कर. मागच्या वेळी दूध नासवलंस."

मग "गिटार आसपासच्या विजेची घरघर पकडते, दिशा बदलली की कमी होते," असं सांगत तो ती घेऊन खुर्चीवर हळूहळू वळत राहिला. एका दिशेला घरघर जवळजवळ विरली. तिथेच थांबून तो वाजवू लागला.

मला हेवा वाटला. गिटारचा नाही; जुनी का होईना, ती माझ्याकडेही आहे. मागताच शांतता देणारी घरं असतात, याचा वाटला.

आमच्या दोन खोल्यांत आईचं मोटरचं शिलाई मशीन दिवसभर चालतं. त्याच्याच जोरावर मी घरातला पहिला पदवीधर झालो. ते थांबव, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? संध्याकाळी धीर करून सांगितलंच.

"तुझ्या परीक्षेला थांबवलं नाही, आता गाण्याला थांबवू होय रे?" आई हसली. "दोन ब्लाउज सकाळी द्यायचेत."

मीही खुर्चीवर वळत राहिलो. आईकडे तोंड केल्यावर घरघर सगळ्यात कमी झाली. तसंच बसून वाजवलं. रेकॉर्डिंगमध्ये ती घरघर अजून ऐकू येते. आई पायाने मशीनचं पेडल दाबते तेव्हा वाढते, दोरा तोडते तेव्हा थांबते.

समीरला ते अजून पाठवलेलं नाही. तो विचारेल, "मागे काय वाजतंय?"