उघड्या फाइलींची मर्यादा

महाडच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात मी नोकरीला होते. तिथल्या टाक्यांची तापमानं संगणकावर नोंदवणारा प्रोग्राम ज्यांनी लिहिला, त्यांना सगळे भाई म्हणत. कुवेतमधली नोकरी सोडून ते गावी परतले होते. मला प्रोग्रामिंग त्यांनीच शिकवलं. पुढे त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि काम सुटलं.

त्यानंतर कारखान्यात नवी शेड उभी राहिली. टाक्या वाढल्या. प्रत्येक टाकीची वेगळी फाइल असायची, आणि आता नोंदी मध्येच थांबू लागल्या. पडद्यावर एकच ओळ यायची: फाइल उघडता येत नाही. मी डिस्क तपासली, मशीन बदललं, विंडोज पुन्हा टाकलं. काही उपयोग होईना. शेवटी भाईंच्या घरी गेले.

ते कॉटवर पडून होते. पाय सुजलेले. मी नेलेले प्रोग्रामचे छापील कागद त्यांनी निवांत वाचले.

"विंडोजवर आपल्या प्रोग्रामला एका वेळी ठरावीकच फाइली उघड्या ठेवता येतात," ते म्हणाले. "मी सगळ्या उघड्याच ठेवल्यात. तेव्हा टाक्या कमी होत्या गो."

"मग आता?"

"मर्यादा वाढवता येते. प्रोग्राम सुरू होतो तिथेच एक ओळ घाल." ती ओळ त्यांनी तोंडपाठ सांगितली. "पण वाढवलेली मर्यादाही कधीतरी पुरायची नाय. लिहून झालेली फाइल बंद करत जा."

भाभी चहा घेऊन आल्या आणि आता पुरे करा म्हणाल्या. भाईंना माझ्याबरोबर कारखान्यात यायचं होतं. त्यांनी पाय खाली सोडले आणि तसेच बसून राहिले.

मी ती ओळ घातली आणि नोंदी सुरळीत सुरू झाल्या. सांगायला फोन केला, तर कुणी उचलला नाही. त्यांना वरंध घाटातून पुण्याला नेलं होतं. तिथून ते परत आले नाहीत.

मी भेटायला गेले तेव्हा भाभी म्हणाल्या, "गाडीत विचारत होते, पोरीचं चाललं का. मला काय ठाऊक? मी म्हटलं, चाललं."

"चाललं, भाभी," मी म्हणाले.

तो प्रोग्राम पुढे काही वर्षं टिकला. नंतर मालकांनी तयार सॉफ्टवेअर घेतलं आणि जुनं काढायचं काम माझ्याकडे आलं. भर दुपारी मी ते बंद केलं. खोलीतल्या नव्या मुलांपैकी कुणी भाईंना पाहिलेलं नव्हतं. कुणाला सांगावं ते कळेना.